इमानदार टेबलाचं तिकीट

किशन प्रेमसिंग राठोड ज्या कचेरीत कारकून होता तिचं काम एकच होतं. रानातल्या जनावरांनी कोणाचं किती पीक खाल्लं ते ठरवायचं आणि भरपाईची शिफारस करायची. रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, हरीण, माकड ही मंडळी रात्री जेवून जात आणि त्यांचं बिल दिवसा किशनच्या टेबलावर येई.

वाशीमपासून एसटीनं पाऊण तासावरच्या एका गावात ही कचेरी होती. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत डावीकडे राजपालचं टेबल, उजवीकडे किशनचं. आतल्या खोलीत साहेब. दारात स्टुलावर सेवालाल शिपाई.

राजपाल पैसे खायचा. हे सांगताना आवाज खाली करायची गरज नाही, तो स्वतःही करत नसे. भरपाईतला तिसरा हिस्सा त्याचा, आणि फाईल पुढे सरकेल तसतसे वरचे वेगळे. किशन खात नसे. चार वर्षांत तो लोकांचा चहासुद्धा प्यायला नव्हता. एकदा एका शेतकऱ्यानं जबरदस्तीनं दोन सीताफळं टेबलावर ठेवली, तर किशननं ती फाईलला जोडून साहेबाकडे पाठवली. आठव्या दिवशी त्या फाईलला मुंग्या लागल्या आणि ती कचेरीच्या इतिहासात पहिल्यांदा आपण होऊन हलली.

एका मोसमात राजपालच्या कागदांप्रमाणे रोह्यांचा एकच कळप एका रात्रीत चौदा गावांत जेवून गेला होता. किशननं नकाशा काढला, अंतरं मोजली आणि शेरा मारला की दर गावी फक्त पाच मिनिटं खाल्लं असं धरलं तरी मधलं अंतर कळपाला मोटारसायकलनं जावं लागेल.

"लग्नसराई होती ना बे," राजपाल म्हणाला. "चौदा पत्रिका आल्या असतीन त्यायले."

अशा माणसाची बदली होते, हे शेंबडं पोरही सांगेल. किशनची झाली नव्हती. साहेब त्याला 'किशनराव' म्हणत, समोर बसवत, पाहुणे आले की दाखवत. किशनचा समज असा झाला होता की खऱ्या माणसाची कदर शेवटी होतेच. हा समज त्याला घरातून मिळाला होता, आणि घरातला सगळा माल तो न तपासता घेई.

त्याचा बाप प्रेमसिंग एसटीत कंडक्टर होता. त्याच्या इमानदारीच्या गोष्टी बंजाऱ्यांच्या तांड्यात अजून सांगतात. किशन जन्मला तेव्हा दवाखान्यातून घरी येताना प्रेमसिंग नेमका त्याच गाडीवर ड्युटीला होता. त्यानं बायकोचं पूर्ण तिकीट फाडलं आणि बाळाच्या जन्माचा दाखला मागितला. लहान मूल फुकट असतं, पण ते लहान आहे याला कागद लागतो. दाखला नव्हता. बाळ चार दिवसांचं होतं आणि रडत होतं, ते प्रेमसिंगला पुरेसं वाटलं नाही. त्यानं अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट किशनच्या आईनं मरेपर्यंत जपून ठेवलं होतं. रागानं की अभिमानानं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर प्रेमसिंगला घरात करमत नसे. तो रोज सकाळी किशनच्या गाडीवर मागे बसून यायचा आणि कचेरीसमोरच्या बसस्टँडवर, गोविंदसिंगच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसायचा. गाड्यांचे आवाज ऐकायचा. किशनला वाटायचं, बिचारा जीव रमवतो.

तर एका सोमवारी चंदाबाई आली.

चंदाबाई जाधव पन्नाशीची, शेजारच्या तांड्यावरची. तिनं अर्ज दिला होता की रोह्यांनी तिची पाऊण एकर तूर खाल्ली. किशन जागेवर जाऊन आला होता आणि अर्ज नामंजूर केला होता. ती टेबलासमोर उभी राहिली आणि पदर खोचला.

"काहून कापला माहा अर्ज?"

"काकी, तूर बकऱ्यांनी खाल्ली आहे."

"कोण म्हनते?"

"मी गेलो तेव्हा बकरी खात होती."

"ती त्या दिवशी आली."

"दावं तुमच्याच खुंटाचं होतं. काकी, नियम साधा आहे. रानातल्या जनावरानं खाल्लं तर सरकार देतं. घरच्या जनावरानं खाल्लेलं भरून मिळत नाही."

चंदाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस पावती असूनही परत पाठवणाऱ्या दुकानदाराकडे पाहतो. "मंग माहे पैसे वापस दे."

"कसले पैसे?"

"साडेबाराशे! त्या टेबलाचे आठशे होते," तिनं राजपालकडे बोट केलं, "पन मी म्हनलं, जाऊ दे, जास्त गेले तरी चालतीन, इमानदार टेबलावरच जाऊ. तिथं पुन्हा पुन्हा द्या लागत नाही. हिस्सा काटत नाही. आता मले काय माहीत बापा, तुमी खरंच इमानदार निघसान!"

किशनला दोन वेळा विचारावं लागलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं, दुसऱ्या वेळी मोठ्यानं. मग कमरेच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर आपटला. एसटीचं जुनं, मशीन यायच्या आधीचं तिकीट. गुलाबी, पाच रुपयांचं, मध्ये पंच मारलेला.

"हे दाखवलं म्हनून तर तुमच्या शिपायानं इकडं पाठवलं. नाही दाखवलं तर तिकडं."

दारात सेवालाल एकाएकी छताकडे पाहू लागला. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं.

"कोणाला दिले पैसे?"

"तिकीटवाल्याले. अजून कोनाले?"

किशन तिकीट घेऊन उठला तो सरळ राजपालकडे गेला. संशय घेण्यासाठी राजपालइतका सोयीचा माणूस कचेरीत दुसरा नव्हता.

"माझ्या नावावर धंदा चालू केलास?"

राजपालनं तिकीट पाहिलं आणि परत केलं. त्याच्या चेहऱ्यावर चक्क दुखावल्याचा भाव होता. "मी? अरे, मी इतका हलकट असतो तर माहा भाव आठशे राह्यला असता का? पाच वर्षं झाले खाऊन राह्यलो, इतका अनुभव, अन् तुह्या टेबलाचा भाव माह्याहून साडेचारशेनं जास्त! मले घरी तोंड दाखवाले जागा नाही. बायको म्हनते, त्या किशनकडून काही शिका."

"मग कोण?"

राजपालनं पेन खाली ठेवलं. ते तो सहसा ठेवत नसे. "ते मले नको इचारू. तिकीट नीट पाह्य, म्हंजे झालं."

किशननं ते उजेडात धरलं. पंचाचं भोक अर्ध्या चंद्रासारखं असतं. हेही होतं, पण खालच्या टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी एक खाच होती.

ती खाच किशननं स्वतः पाडली होती. सहा वर्षांचा असताना त्यानं बापाच्या पंचानं खिळा तोडायचा प्रयत्न केला होता. खिळा तुटला नाही, पात्याला खाच पडली, आणि बापानं एक थोबाडीत देऊन म्हटलं होतं, "सरकारी वस्तू हाये ते. आपल्या बापाची नाही." निवृत्तीच्या दिवशी प्रेमसिंगनं घरी येऊन सांगितलं होतं की पेटी, पंच, बिल्ला, उरलेली तिकिटं सगळं डेपोत जमा करून आलो. त्या रात्री आईनं लापशी केली होती.

किशन रस्ता ओलांडून गेला. दीडशे पावलं. चार वर्षांत त्यानं ती कधी मोजली नव्हती, कारण त्याला तिकडे काही काम नसे.

गोविंदसिंगच्या हॉटेलामागे, कचेरीच्या खिडकीतून दिसणार नाही अशा बाजूला, पाचसहा माणसं रांगेत होती. रांग शिस्तीची होती. पुढे बाकड्यावर प्रेमसिंग बसला होता. मांडीवर तिकिटांची पेटी, बोटात पंच. एका म्हाताऱ्यानं पंधराशे दिले. प्रेमसिंगनं अडीचशे मोजून परत दिले, पुन्हा मोजायला लावले, मग तिकीट फाडलं. कट. तो आवाज किशनला झोपेतही ओळखता आला असता.

किशन रांगेत उभा राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मध्ये घुसणं बरं दिसत नाही, एवढंच.

त्याची पाळी आली. प्रेमसिंगनं वर न बघता विचारलं, "कोनतं गाव?"

"आपलंच, बा."

प्रेमसिंगचा पंच अर्ध्यात थांबला. मग त्यानं तो मिटला, पेटी बंद केली आणि रांगेला म्हटलं, "दहा मिनिटं. गाडी थांबली हाये." लोक निमूट चहाला गेले.

"केव्हापासून?" किशननं विचारलं.

"तू लागला त्याच्या तिसऱ्या महिन्यापासून."

"का?"

"साहेबानं बलावलं होतं मले. म्हने, प्रेमसिंग, तुमच्या पोरापायी आमचं नुकसान होऊन राह्यलं. बदलीचा कागद टाइप करून ठेवला हाये. मी म्हनलं, साहेब, नवं लग्न हाये, त्याची माय बीमार हाये, कुठं फेकता? ते म्हने, मंग नुकसान भरून द्या. दर महिन्याले कागद निघते, दर महिन्याले मी तो वापस खनात ठेवाले लावतो." प्रेमसिंगनं चष्मा पुसला. "मी बी इमानदार होतो रे. अकरा बदल्या खाल्ल्या. तू रांगत होता तवा मी एका डेपोत, तुही याडी, माय तुही, दुसऱ्या गावात. तुह्यासाठी मले ते नव्हतं पायजे. तू इमानदार राह्यला, ते काय फुकट राह्यला का? खर्च आला त्याले."

"लोकांकडून घेऊन?"

"मंग माह्या पेन्शनीतून जमलं असतं का? मी कोनाले लुटलं नाही. तुह्या टेबलावर काम खरं होते, लोकायले त्याचा फायदाच हाये. सुटे पैसे बी कोनाचे ठेवले नाहीत."

"मला सांगितलं का नाही?"

प्रेमसिंगला हा प्रश्न खरोखरच बिनडोक वाटला. "सांगतलं असतं तर तू इमानदार राह्यला असता का?"

किशनला हे सगळ्यात जास्त लागलं.

घरी त्यानं निताला विचारलं. निता, त्याची बायको, भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"मले वाटलं, तुमाले माहीत हाये."

"मला?"

"हो. अन् माहीत असून तुमी भोळं तोंड करून राह्यता. मी तर माहेरी सांगे, आमचे हे इतके हुशार हायेत की पैसे येतात अन् हाताले वास बी नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला हळूहळू कळत गेलं तसा तिचा चेहरा उतरला. नवरा चोर नाही म्हणून बायकोची निराशा होताना किशननं पहिल्यांदाच पाहिली. "म्हंजे खरंच तुमाले काहीच माहीत नव्हतं? अगं माय."

चार वर्षांत त्याच्या टेबलावर साधारण तीन हजार माणसं येऊन गेली होती. प्रत्येकजण त्याला हात जोडून गेला होता. तो प्रत्येकाला म्हणाला होता, "अहो, याला काही लागत नाही." आता त्याला एकेक चेहरा आठवला. त्यातले कितीतरी हसले होते. तो समजत होता, आनंदानं.

रात्री त्यानं तक्रार लिहायला घेतली. वाशीमला लाचेच्या तक्रारी घेणारं कार्यालय आहे, तिथे द्यायला. साहेबाचं नाव लिहिलं, सेवालालचं लिहिलं. तिसऱ्या नावापाशी तो थांबला. आपलं नाव सांगताना माणूस बापाचं सांगतो. किशनला बापाचं सांगताना आपलं सांगावं लागत होतं. शेवटी लिहिलं: प्रेमसिंग हेमसिंग राठोड, निवृत्त वाहक. तक्रारदाराशी नातं: वडील. चंदाबाईचं तिकीट टाचणीनं जोडलं. पुरावा तेवढाच होता.

सकाळी तो वाशीमच्या गाडीत बसला. गाडी सुटता सुटता प्रेमसिंग चढला आणि शेजारी येऊन बसला.

"दोन वाशीम," प्रेमसिंग कंडक्टरला म्हणाला. "एक पूर्ण, एक अर्धं."

"एकच पूर्ण," किशन म्हणाला. "माझं."

प्रेमसिंगनं मग आपलं अर्धं वेगळं काढलं. मशीनमधून निघालेलं तिकीट दोन बोटांत धरून तपासलं, नाक मुरडलं.

रस्त्याच्या दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलेलं होतं. मग बाप म्हणाला, "दाखव. काय लिहिलं."

किशननं कागद दिला. लपवायचं काय होतं? त्याला वाटलं बाप आता रडेल, हात जोडेल, निदान शिव्या देईल. प्रेमसिंगनं खिशातून पेन काढलं आणि कागद मांडीवर ठेवून वाचायला लागला.

"बाराशे नाही. साडेबाराशे." त्यानं खोडलं आणि वर लिहिलं. "चार वर्षं नाही, तीन वर्षं नऊ महिने. तिसऱ्या महिन्यापासून म्हनलो होतो ना तुले? साहेबाचं नाव चुकलं, त्याच्या बापाचं नाव मधात येते." पुन्हा खोडलं. "खोटं लिहू नये रे. तक्रार असो का काही असो."

त्याचं अक्षर तेच होतं, कंडक्टरचं. हलत्या गाडीत लिहायची सवय झालेलं, उजवीकडे कललेलं, पण एकही अक्षर ओळ न सोडणारं. किशनला क्षणभर वाटलं, हा आपला जुना बाप आहे. हा आपल्याबरोबर येतो आहे.

प्रेमसिंगनं कागदाची चौघडी केली, मुलाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली.

वाशीमच्या स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "तू जाऊन ये. मी बसतो इथं." आणि बाकावर बसला.

कार्यालयातल्या बाईंच्या टेबलावर नावाची पाटी होती: सुकेशनी खडसे. बाईंनी कागद उघडला, शांतपणे वाचला. शेवटी आल्यावर विचारलं, "पुरावा जोडलाय म्हणता, तो कुठंय?"

किशननं पाहिलं. टाचणी होती. टाचणीत काही नव्हतं.

त्यानं खिसा उलटा केला. खाली पाहिलं. मग त्याला आठवलं की तीस वर्षं उतारूंच्या हातून तिकीट कधी घेतलं तेही कळू न देणारा हात होता तो.

"बरं, आणि ही खाडाखोड कोणाची?" बाई म्हणाल्या. "तुमचीच ना? बाजूला सही करा, म्हणजे घेते."

किशननं पेन हातात घेतलं. एक सही. इतकं सोपं, इतकं लहान खोटं की कोणाच्या नजरेतही आलं नसतं. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की पुरावा गेलेला नाही. तीन ठिकाणी खोडून, भाव, मुदत आणि साहेबाचं पूर्ण नाव, आरोपीनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे.

"माझी नाही," तो म्हणाला. "ज्याच्यावर तक्रार आहे त्याची आहे."

बाईंनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "आरोपीनं तक्रार तपासून दिली?"

"हो. चुका होत्या."

त्यांनी खाडाखोडीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अहो, तुमचा कागद मी असाही ठेवून घेईन. पण नुसत्या अक्षरावर ते म्हणतील, आमचं नाही. ज्यानं खोडलं त्याची सही मिळाली तर या प्रकरणाला पाय फुटतील. बघा मिळते का." आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

स्टँडवरचा बाक रिकामा होता. शेजारच्या माणसानं सांगितलं, म्हातारेबुवा लगेचच परतीच्या गाडीत बसले, म्हणाले, ड्युटी आहे.

किशन पुढच्या गाडीनं परतला. दुपार झाली होती. गोविंदसिंगच्या हॉटेलामागे रांग होती, नेहमीपेक्षा लांब, कारण सकाळी 'गाडी' लागलेली नव्हती. लोकांनी त्याला ओळखलं. "या ना साहेब, तुमी पुढं या," म्हणत बाजूला झाले. तुमच्याच टेबलासाठी उभे आहोत, असं एकजण कौतुकानं बोललाही. किशन शेवटी जाऊन उभा राहिला. पुढे कोणाचं तरी बाळ आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे टक लावून पाहत होतं. एकेक माणूस पुढे गेला. कट. कट. कट.

त्याची पाळी आली. त्यानं कागद बापाच्या पेटीवर ठेवला, खाडाखोडीवर बोट ठेवलं.

"बा. इथं सही."

प्रेमसिंगनं कागद पाहिला. तिन्ही दुरुस्त्या पुन्हा एकदा वाचल्या, बरोबर आहेत याची खात्री केली. पेन त्याच्या खिशाला लावलेलं होतं, टोपण बाहेर. हात एकदा त्या खिशापर्यंत गेला आणि तिथं नुसता टेकला. त्याच पेटीत, गुलाबी गठ्ठ्याच्या बाजूला, चंदाबाईचं तिकीट ठेवलेलं किशनला दिसलं. पंच मारलेलं, टाचणीची दोन भोकं पडलेलं.

"तुले काय वाटलं," प्रेमसिंग इतक्या हळू म्हणाला की फक्त मुलाला ऐकू जावं, "तुही बदली झाली तर मी इथं कोनासाठी बसू?"

"सही, बा."

प्रेमसिंगनं कागद उचलला, नीट चौघडी केली आणि मुलाच्या हातात ठेवला. मग मान वळवून, किशनच्या खांद्यावरून, मागच्या रांगेला, तीस वर्षं ज्या आवाजात म्हटलं त्याच आवाजात म्हणाला, "पुढं सरका. पुढं सरका, रस्ता अडवू नका."

मागच्यानं किशनला हलकेच कोपर लावलं. "साहेब, झालं असंन तर…"

किशन सरकला नाही. त्यानं चौघडी उघडली, कागद पुन्हा पेटीवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मागे रांग वाढत वाढत हॉटेलाला वळसा घालून कचेरीच्या खिडकीतून दिसेल इथपर्यंत आली.